उठल्यावरचा आकडा

१

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत चाँदभाईंची शेड आहे. वीस वर्षं तिथे फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि जनावरांच्या गव्हाणी बनत होत्या, आता हॉट टब बनतात. धरणाच्या फुगवट्याला फार्महाउस उठली, केळीवाल्यांनी बंगले बांधले, आणि ज्या तालुक्यात मार्च लागला की बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, त्याच तालुक्यात नऊशे लिटर गरम पाण्यात मान टेकून बसायची हौस आली. सोमनाथला हे मनापासून खटकायचं. भेटेल त्याला तो ते ऐकवायचा. आणि तोच आज जळोचीहून टब निवडायला आला होता, त्यामुळे सकाळपासून त्याचं डोकं तापलेलं होतं.

"हौस म्हणून नाही," शेडमध्ये पाऊल टाकताच त्याने सांगून टाकलं. "बायकोच्या पायासाठी घेतोय."

"साहेब, हितं येणारा पयल्यांदा ह्येच सांगतो," चाँदभाई म्हणाले. "बसा. चहा घ्या."

"त्यांना चहा नको, भांडण द्या," मागून वॉकर सरकवत येणारी करुणा म्हणाली. "त्यावरच जगतात ते."

करुणा शिक्षिका होती. निवृत्तीला तीन महिने उरले असताना शाळेच्या पायऱ्यांवरून पडली. मांडीचं हाड सांधलं, पण उजवा पाय गुडघ्यात जो वाकडा राहिला तो सरळ होईना. डॉक्टरांनी गरम पाण्यात बसून व्यायाम सांगितला. तशी सोय पुण्यात होती, आणि रोज पुण्याला जाणार कोण? त्यात करुणाचे वडील आबाजी नव्वदीचे, वरकुट्याला राहायचे. दोन वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. "बापाच्या दारात मला कुणी उचलून नेलेलं चालणार नाही," ती म्हणायची. "चालत जाईन, नाहीतर जाणार नाही." आबाजींच्या वयाकडे बघता तिच्यापाशी फार दिवस नव्हते.

२

चाँदभाई माणूस सरळ. पाणी उसळवणारे जेट किती आणि दिवे किती रंगाचे हे त्यांनी काढलंही नाही.

"पायरीची उंची बघा. मॅडमना पाय टाकाया जमंल का? धराया दांडा हाय का? बसल्यावर पानी खांद्यापत्तुर आलं पायजे, नाकापत्तुर न्हाय. आनि झाकण. झाकण हलकं असलं तर विजेचं बिल बघून तुमचे बी पाय दुखत्याल."

प्रत्येक टब ते आठ दिवस भरून ठेवत. रोज सकाळी पाण्याच्या कडेला पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख. रोज दोन-तीन मिलिमीटर वाफेने जाणारच. त्याहून जास्त उतरलं तर टब गळका. सोमनाथला ही रीत इतकी आवडली की तो क्षणभर भांडायचं विसरला. त्याने स्वतः तीस वर्षं कालव्यावर मोजणीदार म्हणून हेच केलं होतं. फाट्यावरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. पाणी नेहमी कमीच व्हायचं. झिरपायचं, चोरीला जायचं, मोठ्यांच्या विहिरींत वळायचं. वरच्या गावांचे ऊस डुलायचे आणि शेवटच्या गावाला नुसती ओल पोचायची.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक दोघांचा टब होता. कोरडा, पांढरा, स्वच्छ. सोमनाथने ताडपत्री उचलून आतल्या रेघा बघितल्या आणि चष्मा पुसून पुन्हा बघितल्या. बाकी सगळ्या टबांत तारखा वरून खाली उतरत होत्या. इथे सगळ्यांत खालची रेघ आठ तारखेची होती आणि सगळ्यांत वरची एकतीसची.

"हा कसा?"

चाँदभाईंनी अंगठ्याने एक रेघ पुसायचा प्रयत्न केला. ती पुसली गेली नाही. "त्यो ऱ्हाऊ द्या, साहेब. डिफेक्टिव्ह हाय."

"कशात?"

"सांगता येत न्हाय."

"गळतो का?"

"गळत न्हाय."

"मग? कुणा आमदाराच्या मेव्हण्याला राखून ठेवलाय काय?"

चाँदभाईंनी ताडपत्री पुन्हा टबावर ओढली. नेमकी त्यामुळेच सोमनाथला खात्री पटली. आयुष्यभर त्याने हेच बघितलं होतं. चांगलं ते कुणासाठी तरी झाकलेलं असतं, आणि विचारलं की सांगता येत नाही. ज्या टबातलं पाणी उतरतच नाही, तो टब कालव्याच्या माणसापासून लपवतात म्हणजे काय?

"हाच घेणार," तो म्हणाला.

करुणा आत बसून बघायला तयार होती. दांडा तिच्या हाताला बरोबर आला, पायरी बेताची होती. कोरड्या टबात ती बसली, मान मागे टेकली, आणि वाकडा पाय लांब करायला गेली तशी दचकून हसली.

"काय झालं?"

"काही नाही. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी गरम आहे बैठक."

वर पत्रा तापला होता. सोमनाथने वर बघितलं आणि त्याला तेवढं कारण पुरलं.

३

जळोचीच्या घरामागे, न्हाणीघराला लागून एक खोली होती. तिथे टब बसला. डिसेंबर लागला होता. सकाळी सातला सोमनाथ झाकण काढायचा तेव्हा वाफ छतापर्यंत जायची, बाहेरून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा आणि हीटर एका सुरात गुणगुणायचा.

पहिल्याच दिवशी त्याने टबाच्या आत मिलिमीटरची स्टीलची पट्टी चिकटवली. आत कुणी बसलेलं नसताना पाणी जिथे उभं राहिलं तिथे शून्य.

"इथेही?" करुणा म्हणाली. "आता मला किती पाणी सोडायचं ते वरून फोन येणार वाटतं."

तिने दांडा धरून डावा पाय टाकला, मग हाताने उचलून उजवा, आणि बसली. पाणी चढलं. बावीस.

"बावीस मिलिमीटर," तो म्हणाला. "एवढी जागा तुझी."

"बत्तीस वर्षांच्या संसारात एवढी मिळाली. लिहून ठेवा."

त्याने खरंच लिहिलं. अर्ध्या तासाने ती उठली, अंग पुसून, वॉकर घेऊन आत गेली. पाणी स्थिर झाल्यावर त्याने सवयीने पट्टी बघितली. तिच्या अंगावरून, केसांवरून थोडं पाणी गेलेलं, म्हणजे शून्याच्या जरा खालीच यायला हवं होतं.

ते एकवर होतं.

एक मिलिमीटर. सोमनाथने वहीत तीन रकाने पाडले. बसण्याआधी, बसल्यावर, उठल्यावर. शून्य, बावीस, एक.

४

दुसऱ्या दिवशी एक, बावीस, दोन. तिसऱ्या दिवशी दोन, बावीस, तीन.

पाणी तापलं की फुगतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने थर्मामीटर आणला. तापमान रोज तेवढंच, सदतीस. मग नळाची तोटी गळत असेल म्हणून त्याने नळच तोडून तोंडाला बूच मारलं. चार, बावीस, पाच. पट्टी सरकली असेल म्हणून त्याने टबाच्या कडेवर खिळ्याने खूण कोरली. पट्टी जागेवर होती. वाफ होऊन पाणी कमी व्हायला हवं, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लटकलेले दिसत होते, आणि तरी पातळी खाली यायचं नाव घेत नव्हती.

त्याला सगळ्यांत जास्त त्रास एकाच गोष्टीचा झाला. पाणी वाढत असेल, तर करुणा बसल्यावरचा आकडाही वाढायला हवा. पाचात बावीस मिळवले तर सत्तावीस. पण ती बसली की पाणी बावीसवरच थांबायचं. रोज. म्हणजे ती उठताना टबात काहीतरी मागे राहत होतं, आणि दुसऱ्या दिवशी बसताना ती तेवढी कमी भरत होती.

हे त्याने वहीत लिहिलं नाही. वाक्य मनात आलं तसं त्याने ते बाजूला सारलं आणि तो वजनकाटा घेऊन आला. करुणाचं वजन बावन्न किलो भरलं. पडण्याआधीही तेवढंच होतं.

"समाधान झालं?" ती म्हणाली. "की आता विहिरीत सोडून पाणी किती चढतं तेही बघताय?"

तो हसला. हिशेब काट्याने मिटला होता. तरी त्या दिवशी उठल्यावरचा आकडा सात होता.

आणि पाय सुधारत होता. दहाव्या दिवशी टाच जमिनीला लागली. बाराव्या दिवशी तिने वॉकर भिंतीला टेकवला आणि देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपर्यंत सहा पावलं एकटी गेली. सोमनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही. तिने हार सरळ केला आणि ती परत आली.

५

उठल्यावरचा आकडा बारावर आला त्या दिवशी तो म्हणाला, "चार दिवस थांबू या."

"का?"

"पाण्यात काहीतरी गडबड आहे."

"पाय बरा होतोय ही गडबड?"

"आकडे जुळत नाहीत, करुणा."

ती टबाच्या काठावर बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं. वाफेमुळे तिचा चेहरा दिसत होता आणि नव्हता.

"आकड्यांचं तुम्ही मला सांगताय? वरून फोन आला, आणि तुम्ही लिहिलंत की वरकुट्याला, शेवटाला पाणी पोचलं. बाबांच्या शेताच्या चारीत तेव्हा सरडे पळत होते. आठ दिवस ते बांधावर उभे राहिले. दीड एकर डाळिंब डोळ्यांदेखत गेलं, आणि वहीत पाणी पोचलेलं होतं. जुळले होते ना तेव्हा आकडे?"

अठरा वर्षांत तिने हे एकदाही काढलं नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीत सोमनाथने ती एकच खोटी नोंद केली होती. बाकी सगळ्या नोंदी खऱ्या होत्या, म्हणून तो जगाशी ताठ मानेने भांडायचा. आबाजींनी त्याला तोंडावर कधी विचारलं नाही. एकदा फक्त बांधावर नेऊन कोरडी चारी दाखवली, आणि घरी आणून जेवायला वाढलं.

"मला त्या दारात चालत जायचंय," करुणा म्हणाली. "मध्ये पडू नका."

तो मध्ये पडला नाही. ते तिचं शेवटचं भांडण होतं, हे त्याला उशिरा कळलं.

६

पंधरा. सतरा. अठरा.

पहिल्यांदा त्याला घर शांत वाटलं, इतकंच. मग कळलं की करुणा त्याला टोमणे मारत नाही. त्याने चहाला नावं ठेवली तर ती "बरं" म्हणून दुसरा करून आणायची. तो पेपर वाचून सरकारला शिव्या घालू लागला की ती पूर्वी आतून ओरडायची, "हळू, ऐकू जाईल आणि पेन्शन बंद करतील!" आता ती दारात उभी राहून ऐकायची आणि मान हलवायची. मुद्दाम भांडण काढावं म्हणून त्याने एकदा तिच्या स्वयंपाकाला, तिच्या शाळेला, शेवटी तिच्या माहेरालाही बोल लावले.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि हसली.

छान हसली.

माणूस बरा झाला की शांत होतो, त्याने स्वतःला समजावलं. दुखणं गेलं की चिडचिड जाते. दोन वर्षं ती वेदनेने बोलत होती. पण करुणा दुखण्याआधी तीस वर्षंही अशीच बोलायची, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, टब रिकामा असताना पट्टीवर बावीस होतं. करुणा आली. आता ती दांडा धरत नव्हती. ती आत उतरली, बसली, खांद्यापर्यंत पाण्यात गेली.

पाणी हललं नाही. बावीस.

अर्ध्या तासाने ती उठली. बावीस.

"झालं आता," अंग पुसत ती म्हणाली. "मला नाही लागणार उद्यापासून."

७

दुसऱ्या दिवशी ती एसटीने वरकुट्याला गेली. एकटी. गेटपर्यंत तो सोबत गेला. ती रस्त्याला लागली तसा तो तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिला. दोन्ही पावलं सारखी पडत होती.

दुपारी चारला त्याने आबाजींना फोन लावला.

"जय भीम, आबा. करुणा पोचली ना?"

"जय भीम. कवा निघाली?"

"सकाळीच. अकरापर्यंत यायला पाहिजे होती."

पलीकडे खाट करकरली.

"एक बाई आली व्हती," आबाजी म्हणाले. "चांगली बाई हाय. चालत आली, पाया पडली. च्या करून दिला मला. जेवाण केलं, भांडी घासली. मी म्हनलं, बाई, आमची करुणा कधी यायची? तर हसली. आत्ताच गेली बगा."

"आबा, ती करुणाच होती."

"आसंल," म्हातारा म्हणाला. नव्वदीच्या माणसाला दिसत कमी असतं, आठवत कमी असतं, हे सोमनाथला माहीत होतं. फोन ठेवता ठेवता आबाजी म्हणाले, "तुमी म्हनता तर पोचली आसंल, सोमनाथराव. तुमी लिवलं म्हंजी पोचलंच."

त्यात कुत्सितपणा नव्हता. म्हणूनच ते सोमनाथला जास्त लागलं. मग त्याने चाँदभाईंचा नंबर लावला.

"त्या टबात आमच्याआधी कोण बसत होतं?"

"साहेब, मी तुमास्नी न्हाय म्हनलं व्हतं."

"कोण?"

"आमची बायकू, परवीन. गुडघे धरलं व्हतं तिचं. तेवीस दिस बसली."

"आता कशा आहेत?"

"चांगली हाय. दिसभर चालती." चाँदभाईंचा आवाज खाली गेला. "वाढती, पुसती, हसती. सून म्हनती अम्मी किती गरीब झाल्या. साहेब, परवीन आन् गरीब? अख्खा मोहल्ला टरकून असायचा तिला." मागे शेडमधलं यंत्र घरघरत होतं. "तुमी पानी सोडलं न्हाय ना अजून?"

"नाही."

"मी सोडलं. मला काय ठावं? बूच काढलं आन् बाहेरच्या गटारीला सोडून दिलं. जाताना लई येळ लागला त्याला. आवाज करत गेलं." आणि मग, घाईघाईने, "आपण मानसं, साहेब. मनात कायबी येतं."

फोन बंद झाला.

८

ऊन कलतं होतं. मागच्या खोलीत खिडकीतून तांबूस पट्टा टबाच्या झाकणावर पडला होता. सोमनाथने झाकण काढलं. पट्टीवर बावीस. पाणी स्वच्छ, तळापर्यंत दिसणारं, रिकामं. तळाशी बूच, त्याला साखळी. हात कोपरापर्यंत घालून ओढली की झालं. नऊशे लिटर पाणी, काही मिनिटांचं काम, आणि मग घरात फक्त चालणारी, हसणारी, न भांडणारी एक बाई. कुणीही हेवा करावा अशी.

त्याने बूच ओढलं नाही. जेटचं बटण दाबलं.

पाणी उसळलं. रोजच्यासारखा फेस आला, साबणाचे अंश राहतात त्याचा, पांढरा, दाट. तो आधी चारी कडांना पसरला, मग मध्ये आला. डाव्या बैठकीवरून सरळ गेला. उजव्या बैठकीपाशी आला आणि फाटला.

तिथे फेस जाईना. तो वळसा घालून गेला. दोन खांद्यांएवढी जागा मोकळी राहिली. पुढे एक सरळ पट्टा, मांडी आणि पोटरीएवढा. त्याच्या शेजारी दुसरा पट्टा, गुडघ्याशी वाकडा.

उजवा पाय. दोन वर्षं तो पाय त्याने रोज तेल लावून चोळला होता. तो वाक त्याला डोळे मिटून ओळखता आला असता.

त्याने बटण बंद केलं. फेस विरला. पाणी पुन्हा रिकामं झालं. सोमनाथ कितीतरी वेळ टबाचा काठ धरून उभा राहिला. तो बोलला असता तर उत्तर यायला हवं होतं, टोचणारं, आणि ते आलं नसतं तर त्याला सहन झालं नसतं.

मग त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला. डाव्या बाजूने पाय टाकला आणि डाव्या बैठकीवर सावकाश बसला. पाणी चढलं. पट्टीवर एक्कावन्न. म्हणजे बावीस तिचे, एकोणतीस त्याचे. उजव्या बाजूला त्याने हात नेला नाही. फक्त पाण्याखाली त्याच्या पायाला कशाची तरी टाच लागली, आणि ती मागे गेली नाही.

गेटची कडी वाजली. पावलं आली. सारखी, स्वच्छ, घासण्याचा आवाज नसलेली. ती स्वयंपाकघरात थांबली, पातेलं ठेवलं, आणि मग दाराबाहेर येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"आज किती भरलं?" तिने गोड आवाजात विचारलं.

"शून्य," सोमनाथ म्हणाला. "रिकामा आहे."

"मग सोडून द्या ना पाणी. उगाच वीज जळते."

"बघू."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि पावलं दूर गेली.

तो अर्धा तास बसला, मोजून. मग उठला, अंग पुसलं. गुडघ्यात रोज उठताना येणारी कळ आज आली नाही. पाणी स्थिर होईपर्यंत तो थांबला, वाकला, चष्मा पुसून त्याने पट्टी वाचली आणि वही उघडली. आधी बावीस. बसल्यावर एक्कावन्न.

तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्याने दिसला तो आकडा लिहिला. तेवीस.